मदत हवी आहे: कागदी फुटबॉल धड होत नाही, शुक्रवारी स्पर्धा

एडिसनकर_आई (मंगळवार, रात्री ९:४०)
लेकाच्या वर्गात शुक्रवारी कागदी फुटबॉलची स्पर्धा आहे. रविवारपासून दोघं बसलोय, वीसेक तरी करून झाले, एकही धड नाही. टेबलावर टिचकी मारली की एकतर मध्येच थांबतो नाहीतर थेट खाली. किक मारली की दरवेळी एकाच बाजूला जातो. वर तासाभरात पोट सुटून उलगडायला लागतो. व्हिडिओ सगळे बघून झाले, सगळीकडे तेच ते. घडी कशी घालतात ते माहीत आहे, ते सांगत बसू नका. चांगला कसा करायचा तेवढं सांगा. जरा लवकर.

कल्याण_लोकल
कागदाच्या फुटबॉलमध्ये हवा कुठून भरता? (हलके घ्या.)

शाहू_स्टेडियम_गेट_नं_२
ताई, रागावू नका, पण मुलाला टेबलावर कसला फुटबॉल शिकवताय? आमच्या कोल्हापुरात पेठेतली पोरं चालायला लागली की पायात बॉल. साधे कॅनव्हासचे बूट घ्या आणि मैदानावर सोडा. पहिले सहा महिने नुसतं पासिंग. बाकी सगळं आपोआप येतं.

एडिसनकर_आई
दादा, इथे न्यू जर्सीत जानेवारी आहे. मैदानावर बर्फ आहे. म्हणूनच तर मुलं मधल्या सुट्टीत वर्गात बसून हे खेळतात.

जर्सीतला_जुना
ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: हा आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉल. कागदाची पट्टी करून तिची त्रिकोणी घडी घालतात, शेवटचं टोक आत खोचतात. दोघं टेबलाच्या दोन टोकांना. आळीपाळीने टिचकी मारून त्रिकोण पलीकडे सरकवायचा. पलीकडच्या कडेवरून अर्धवट बाहेर लोंबला, पण पडला नाही, तर टचडाऊन, ६ गुण. मग समोरचा दोन्ही अंगठे जुळवून तर्जन्या उभ्या करतो, तो गोल. आपण त्रिकोण टोकावर उभा धरून बोटाने उडवायचा, मधून गेला तर आणखी १. अशी किक टचडाऊनशिवाय मिळाली तर तो फील्ड गोल, ३ गुण. तीनदा टेबलावरून पाडलात तर समोरच्याला फील्ड गोलची संधी. बारीकसारीक नियम शाळेशाळेत वेगळे.

आता ताई, कागद कोणता? पट्टी किती पदरी? टेप चालते का? टेबल केवढं?

एडिसनकर_आई
कागद साधाच. टेबल आमचं जेवायचं, सहा खुर्च्यांचं.

जर्सीतला_जुना
'साधाच' म्हणजे?

एडिसनकर_आई
त्याच्या वहीचा. स्पायरलवाली, रेघांची.

जुना_छापखाना
इथेच घोटाळा आहे. स्पायरलमधून ओढून काढलेल्या पानाच्या कडेला ती भोकांची झालर राहते ना, ती आपण आत दुमडतो. बाहेरून दिसत नाही, पण त्या बाजूला घडी फुगते आणि कड वाकडी बसते. पहिली घडी अर्धा मिलिमीटर तिरकी गेली की दहाव्या घडीला टोक कुठल्या कुठे. आधी ती झालर मोजपट्टी लावून कापा. त्यापेक्षा प्रिंटरचा कोरा कागद घ्या.

आणि कागदाला ग्रेन असते, म्हणजे तंतूंची दिशा. एक रद्दी पान उभं फाडा, एक आडवं. ज्या दिशेने सरळ फाटेल ती ग्रेन. लांबीच्या घड्या त्याच दिशेने आल्या पाहिजेत, नाहीतर घडी उसळी मारते. बोटाने नुसतं चेपू नका, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबा. बत्तीस वर्षं बायंडिंग केलंय, एवढं ऐकाच.

बोरिक_पावडर
इतका व्याप कशाला? कॅरमचा स्ट्रायकर आठवा. गोल आहे म्हणून कसाही फिरला तरी सारखाच. त्रिकोणाचा हट्ट सोडा, कागद गोल गुंडाळून चपटा करा. सरकायला थोडी बोरिक.

जर्सीतला_जुना
स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत असतो, हा कागदाचा तुकडा साडेचार ग्रॅमचा. आणि शाळेच्या टेबलावर बोरिक टाकली तर पोराला प्रिन्सिपलच्या ऑफिसात बसवतील.

बोरिक_पावडर
टाल्कम चालेल मग.

कंपासपेटी
गोल नको, पण 'कसाही फिरला तरी सारखाच' हा मुद्दा बरोबर आहे. जरा गणित करू. लेटर कागद साडेआठ बाय अकरा इंच. लांबीत दोनदा दुमडला की चारपदरी पट्टी, रुंदी ५४ मिमी. तिचा काटकोन त्रिकोण होतो, दोन बाजू ५४ च्या, लांब बाजू ७६ ची. सगळे पदर धरून सरासरी ४१ थर, जाडी चार मिमीच्या आसपास.

टचडाऊन होणार की खाली पडणार हे ठरवतो गुरुत्वमध्य. तो कडेच्या आत आहे तोवर त्रिकोण तगतो. लांब बाजू पुढे करून गेला तर पुढची कड ते गुरुत्वमध्य फक्त १३ मिमी. म्हणजे तेरा मिलिमीटरच्या आत थांबला तरच गुण. निमुळतं टोक पुढे असेल तर तेच अंतर ४० मिमी! तिप्पट सवलत. त्रिकोण सरकताना फिरतो, त्यामुळे कोणती बाजू पुढे येईल ते नशीब. म्हणून समभुज करा. बाजू पुढे आली तर १८, टोक पुढे आलं तर ३६. नशिबावर कमी.

साठ अंशाची घडी कोनमापकाशिवाय जमते. पट्टीच्या मधोमध हलकी खूण करायची, एक कोपरा त्या खुणेवर आणायचा आणि घडी दुसऱ्या कोपऱ्यातून न्यायची.

जर्सीतला_जुना
त्यापेक्षा सोपं. चारऐवजी तीन पदर करा. पट्टी ७२ मिमी रुंद होते, त्रिकोण मोठा होतो, तुमचे १३ आणि ४० तिथे १७ आणि ५४ होतात. कागद तोच, वजन तेच. नवीन भूमिती शिकायला नको.

कंपासपेटी
आणि जाडी? तेवीस थर, सव्वादोन मिमी. किक मारताना पापडासारखा वाकेल. सरकवायला मोठा चांगला, उडवायला जाड चांगला. दोन्हीला एकच बॉल, तडजोड करावीच लागणार.

जर्सीतला_जुना
आम्ही शाळेत तीनपदरीच करायचो, एकही वाकला नाही.

कंपासपेटी
तुमच्या आठवणीत वाकला नाही.

कल्याण_लोकल
अवांतर: आमच्याकडे बुक क्रिकेट होतं. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आलं की आउट. भूगोलाच्या पुस्तकात शतकं ठोकलीत. गुरुत्वमध्य लागला नाही कधी.

बोरिक_पावडर
आणि पेन फाइट! माझ्या जड शाईपेनाने अख्ख्या वर्गाची रेनॉल्ड्स खाली पाडली होती. रिफिलच्या नळीत टाचणी घालायचो, वजनाला. ताई, त्यावरून सुचलं, त्रिकोणात एक नाणं घाला. इथलं पेनी चालेल, पातळ असतं.

एडिसनकर_आई
नाणं, स्टेपल, टेप काही चालत नाही. एकच कागद, दुसरं काही नाही.

जर्सीतला_जुना
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ना ताई. नियमांची काही चिठ्ठी आली असेल तर इथे टंका.

एडिसनकर_आई (बुधवार, सकाळी ७:१५)
दप्तरातून काढली. गोळा झाला होता, आता नीट वाचली. मला वाटलं होतं घरून न्यायचाय. बॉल वर्गातच करायचा आहे. कागद बाई देणार, प्रिंटरचा कोरा. वेळ दहा मिनिटं. कात्री नाही, मोजपट्टी नाही. आकाराबद्दल 'त्रिकोण हवा' एवढंच. 🤦

जुना_छापखाना
म्हणजे कागद निवडायचा प्रश्नच मिटला. काल रात्री हे कळलं असतं तर मी ग्रेनवर इतकं टंकलं नसतं. चमचा नेऊ देतील का?

एडिसनकर_आई
चमचा डब्यात असतोच की.

जुना_छापखाना
मग झालं. आता पोट सुटण्याचं ऐका. चारपदरी पट्टी वळवताना बाहेरच्या पदराला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. आपण प्रत्येक घडी आधीच्या कडेला अगदी चिकटवून घालतो, मग जागाच उरत नाही आणि त्रिकोण फुगतो. बायंडिंगमध्येही आतली पानं बाहेर सरकतात, तोच प्रकार. प्रत्येक घडीला केसभर जागा सोडायची. पहिल्या दोन-तीन घड्यांना नाही, पुढे पुढे थोडी जास्त. आणि प्रत्येक घडीनंतर चमचा, शेवटी एकदम नाही.

शेवटचं टोक: अकरा इंचात ५४ मिमीचे पाच चौकोन बसतात आणि सेंटिमीटरला जरा कमी उरतं. ते उरलेलं पहिल्या घडीच्या आधीच आत दुमडून टाका, म्हणजे सुरुवातीचं टोक जाड होईल आणि शेवटचं नेमक्या मापाचं येईल. खोचायच्या टोकाचे दोन्ही कोपरे किंचित आत मुडपले की ते खिशात सरळ शिरतं. कात्री लागत नाही.

एडिसनकर_आई
हे आता करून बघितलं. खरंच सपाट झाला! ऑफिसला उशीर झाला, पण झाला. किकचं मात्र तसंच, उजवीकडेच जातो.

कंपासपेटी
कसा उभा धरतो? लांब बाजू उभी की आडवी? टिचकी धारेवर मारतो की पसरट अंगावर?

एडिसनकर_आई (बुधवार, संध्याकाळी ६:५०)
विचारलं. लांब बाजू उभी, वरच्या टोकावर बोट, खालचं टोक टेबलावर. टिचकी पसरट अंगावर, बोटाच्या बरोबर खाली.

कंपासपेटी
सापडलं. लांब बाजू उभी धरली की वरचं टोक, खालचं टोक आणि त्याचं बोट एका रेषेत येतात, पण वजन त्या रेषेत नाहीच. गुरुत्वमध्य तिथून १३ मिमी बाजूला, ज्या बाजूला काटकोनाचं 'पोट' आहे तिकडे. बोटाखाली मारलं की कडेला बसतं आणि त्रिकोण गिरकी घेतो. टिचकी पोटाकडे सरकवून मारायला सांगा, मधल्यापेक्षा थोडी खाली, म्हणजे उचलेल.

समभुजात ही भानगडच नाही. टोक खाली, सपाट बाजू वर, बोट मधोमध, वजन बरोबर त्याच्या खाली.

जर्सीतला_जुना
दहा मिनिटांत, मोजपट्टीशिवाय, साठ अंश. पाचवीतलं पोर. कमाल आहे तुमची.

कंपासपेटी
मोजपट्टी लागत नाही, वर लिहिलंय. वाचा.

एडिसनकर_आई
भांडू नका हो. सांगितलं त्याला, पण पोटाकडे मारायला त्याचं बोट पोचतच नाही म्हणतो. उजव्या हाताचं मनगट आडवं येतं.

शाहू_स्टेडियम_गेट_नं_२
पोरगं डावखुरं आहे काय?

एडिसनकर_आई
हो. का?

जर्सीतला_जुना
'हो. का?' 😀

शाहू_स्टेडियम_गेट_नं_२
आमच्या संघात एक डावखुरा होता, त्याला कॉर्नर उलट्या बाजूनं द्यावा लागायचा. तसंच असणार. मित्राचं बघून शिकला असेल, मित्र उजवा. पोट उजवीकडं ठेवतोय आणि मारतोय डाव्या हातानं. त्रिकोण फिरवून पोट डावीकडं घ्यायला सांगा.

एडिसनकर_आई (बुधवार, रात्री ८:०५)
सरळ गेला. पाचातले चार. पाचवा सासूबाईंच्या चहात. दादा, कॅनव्हासच्या बुटांबद्दल जे मनात आणलं होतं ते मागे घेते.

बोरिक_पावडर
आणि सरकण्याचं काय? मध्येच थांबतो म्हणत होता.

एडिसनकर_आई
ते अजून तसंच. जोर लावला तरच पलीकडे जातो, आणि जोर लावला की पडतो.

बोरिक_पावडर
टेबलावर काही अंथरलंय का?

एडिसनकर_आई
काही नाही. म्हणजे ते जाड पारदर्शक प्लास्टिक आहे, हळदीचे डाग पडू नयेत म्हणून. ते कायमच असतं.

बोरिक_पावडर
प्लास्टिक काढा!!! त्याला कागद चिकटतो. शाळेतलं टेबल गुळगुळीत असणार, तिथे याच्या निम्म्या टिचकीत पलीकडे जाईल. चार दिवस पोराचा हात चुकीच्या बोर्डावर बसवलात. नवीन बोर्डावर पहिला डाव कुणीही हरतो, कॅरमवाल्यांना विचारा.

कल्याण_लोकल
प्लास्टिक काढलं की हळदीचे डाग. आता दुसरा धागा काढा.

एडिसनकर_आई (शुक्रवार, संध्याकाळी ५:२०)
काल प्लास्टिक काढून सराव केला. आज दुसऱ्या फेरीत हरला. बॉल मस्त झाला होता, दहा मिनिटांतली सात लागली, चारपदरी काटकोन. समभुज करायला बसला नाही, सॉरी कंपासपेटी. चार किकपैकी तीन आत. टचडाऊनमध्ये गेला: एकदा इतका लोंबला की सगळा वर्ग 'ओऽऽ' करून वाकून बघायला लागला, आणि कुणाचा तरी गुडघा टेबलाला लागला. पडला. बाईंनी पडला म्हणूनच धरला. घरी आल्यापासून तेवढं एकच बोलतोय.

चमचा शाळेत विसरून आला.

कंपासपेटी
लांब बाजू पुढे होती का टोक?

एडिसनकर_आई
विचारते. आत्ता नाही.