आठवडाभर पाहुणे: सांगली-साताऱ्याचे अनुभव लिहा

दिवाळीनंतर ठाण्याचे दाजी, अक्का आणि दोन भाचे सात दिवस आमच्याकडे सांगलीत होते. दाजींनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "देवळं-बिवळं अक्काला दाखवा. मला गळ घेऊन कृष्णेच्या काठावर सोडा." असा आठवडा तुमच्याही घरात झाला असेल तर लिहा. सुरुवात मी करते.

पहिला दिवस गणपती मंदिर, आयर्विन पूल, संध्याकाळी हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावर आम्ही संगमेश्वराचं दर्शन घेतोय आणि दाजी पलीकडे कोण गळ टाकून बसलंय ते न्याहाळतायत. दुसऱ्या दिवशी भिलवडीकडच्या नात्यातल्या मळ्यावर गेलो. दाजींचा नवाकोरा रॉड, रीळ, डबाभर रबरी मासे. तीन तास झाले, एक झटका नाही. शेवटी मळ्यातल्या काकांना दया आली. मूठभर शेंगपेंड भिजवून कणकेत मळली, वाटाण्याएवढी गोळी केली आणि बारक्या गळाला अशी दाबली की टोक जेमतेम झाकावं. "चिलापीचं तोंड केवढं, तुमचा गळ केवढा!" म्हणाले. मग दुपारपर्यंत चार चिलापी आणि एक रोहू.

तेवढ्यात दाजी पाण्यात पाय सोडून बसले. काकांनी दंडाला धरून वर ओढलं. समोरच्या वाळूवर मगर ऊन खात पडली होती, आम्हाला सगळ्यांना ओंडका वाटली होती. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, थंडीत काठावर येतात, हे आम्हाला इतकं सवयीचं की पाहुण्यांना सांगायचं राहूनच गेलं. चूक माझीच. पुढचे दिवस गळ उंच दरडीवरून.

आणि वार निघाला गुरुवार! सासूबाई मासे उंबऱ्याच्या आत घेईनात. परड्यात तीन विटांची चूल मांडली, कांदा-लसूण मसाला लावून तव्यावर टाकले. सासूबाई पुढच्या दारी बसून दर दहा मिनिटांनी विचारत होत्या, "पोरांना काटे काढून दिले का?"

साताऱ्याहून:
आमच्याकडे मामा-मामी नागपूरहून आले ते भर मे महिन्यात. कासचं पठार, ठोसेघरचा धबधबा, बामणोली, यादी तयारच होती. कासला २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली हे मामींना पाठ, पण फुलं पावसाळा सरताना येतात हे नाही. पठारावर उभ्या राहून म्हणाल्या, "हा तर कातळ आहे बाप्पा." ठोसेघरला कड्यावरून जेमतेम ओल उतरत होती. बामणोलीहून लाँचने वासोट्याला गेलो, तर मामांचा गळ गाडीतच ठेवावा लागला. पलीकडे कोयना अभयारण्य, तिथे मासेमारी नाही. मामा परतेपर्यंत बोलले नाहीत. आठवडा वाचवला तो लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीने. बाहेर रणरण ऊन, पायऱ्या उतरल्या की माठात शिरल्यासारखा गारवा. विहिरीतच बांधलेल्या महालात मामा दीड तास बसले आणि खाली पाण्यात कुठला मासा असेल यावर बोलत राहिले. तेव्हा मे महिन्यात पाहुणे येत असतील तर धबधब्यांची नावं काढूच नका. विहिरी, वाडे, सज्जनगडाची पहाट, एवढंच दाखवा.

मिरजेतून:
माझे साडू मालवणचे. समुद्राचा माणूस, नदीचा मासा ताटात आला की तोंड वाकडं. "ह्यो मासो न्हय, काट्यांचो गठ्ठो." तक्रार चिखलाच्या वासाची होती, आणि ती अगदी खोटी नाही. आमच्या आईने मरळीचे तुकडे मीठ-हळद चोळून अर्धा तास ताकात ठेवले, दोनदा धुतले आणि मग चिंच घालून झणझणीत कालवण केलं. साडूंनी तीनदा भात घेतला. तोंडाने मात्र कबूल नाही. त्यांना खरी भुरळ पडली सतारमेकर गल्लीची. भोपळा कापून, वाळवून त्याची सतार होताना बघत दोन सकाळी तिथेच काढल्या, गळ घरी कोपऱ्यात.

वाईची सून:
ढोल्या गणपती, मग मेणवलीचा नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली घंटा भाच्याला दाखवत होते. तो म्हणाला, "मावशी, नाना फडणवीस इथे मासे पकडायचे का?" मला हसू आवरेना. घाटावर गळ टाकायचा हट्ट मोडायला मात्र दोन कंदी पेढे लागले.

इस्लामपूर:
सगळे मासे नि देवळं लिहितायत, सिलिंडरचं कोणी लिहीत नाही. दोघांच्या घरात महिना जाणारा सिलिंडर पाहुण्यांच्या चौथ्या दिवशी संपला, तोही रात्री नऊला, अर्धं पिठलं चुलीवर असताना. दुसरा भरलेला आहे अशी ह्यांची खात्री होती. नव्हता. शेजारच्या वहिनींनी पातेलं त्यांच्या गॅसवर उतरवून दिलं आणि येताना स्वतःच्या घरच्या सात भाकऱ्याही आणल्या.