रायफलीपेक्षा धनुष्य लांब मारतं म्हणे!

उलटा_फासा:
शनिवारी आमच्या सेशनमध्ये भांडण झालं, तेच इथे आणतोय. डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांच्या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, 2014 च्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात, आधुनिक बंदुकांचा तक्ता आहे. ऑटोमॅटिक रायफल: 80 फुटांपर्यंत सरळ नेम, 240 पर्यंत डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा), त्यापुढे मारताच येत नाही. आणि लाँगबो? 150 आणि 600! एम16ए2 चा परिणामकारक पल्ला 550 मीटर मानतात. 240 फूट म्हणजे जेमतेम 73 मीटर. शिपायाने रायफल टाकून तीरकमठा घ्यायचा का?

टेबलाखालचं_भूत:
अरे, टेबलावर मांडतो तो नकाशा आठव. एका इंचाला 5 फूट. 240 फूट म्हणजे 48 इंच, चार फुटी टेबल संपलं. तुझ्या 550 मीटरना 30 फुटांचं टेबल लागेल. शत्रू शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये मांडणार का?

उलटा_फासा:
मग 600 फुटांच्या धनुष्याला 10 फुटांचं लागतं. ते आहे तुझ्याकडे?

निवृत्त_कॅडेट:
पल्ला छाटणं चूकच, पण 550 उराशी धरून बसू नका. कॉलेजात एनसीसीला .22 रायफल मारलीय. 25 मीटर, पालथं पडून, समोर नुसता कागद. पाच गोळ्यांचं ग्रुपिंग आलं 15 सेंटीमीटर. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त बघितलं. तोच कोन 300 मीटरवर नेला तर 180 सेंटीमीटर, अख्खा माणूस! साधी लष्करी रायफल तिथे 35 सेंटीमीटरच्या आसपास गोळ्या बसवते. म्हणजे बंदूक माझ्यापेक्षा पाचपट शहाणी. दंड करायचा तर शिपायाला करा: धाप लागलीय, समोरून फैरी येतायत, तर उणे.

टेबलाखालचं_भूत:
म्हणजे दर गोळीला पाच मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात अधिक-उणे). 1986 च्या फिनिक्स कमांड या खेळात गोळी अंगात कुठे शिरली याचेसुद्धा तक्ते आहेत. आम्ही एकदा खेळून पाहिलं. समोसे संपले, शत्रू जिवंत.

काडतूस_मोजणारी:
पल्ल्याचं मला काही पडलेलं नाही, गोळ्या मोजा. एके-47 मिनिटाला 600 च्या वेगाने 30 चं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं करते. 5.56 मिमी रायफलीचं काडतूस सुमारे 12 ग्रॅमचं. अमेरिकी शिपायाच्या 210 गोळ्या म्हणजे अडीच किलो नुसती काडतुसं. पाठीवर काय वागवायचं, ही खरी लढाई. ट्वायलाइट 2000 खेळा: काल्पनिक तिसऱ्या महायुद्धानंतरचा पोलंड, सैनिक अडकलेले, रसद बंद. 2021 च्या आवृत्तीत गोळ्यांचे जादा फासे घेता येतात. नेम लागला आणि त्यात सहा पडले तर मार वाढतो, पण त्या फाशांची बेरीज जितकी, तितक्या गोळ्या गेल्या. जास्त फासे उचलायला हात शिवशिवतो आणि मॅगझिनकडे बघून पोटात गोळा येतो.

टेबलाखालचं_भूत:
ऐकायला छान. आमच्याकडे एक जण गोळ्या खोडायला कायम विसरतो, आणि नेमकं त्याचंच मॅगझिन कधी संपत नाही.

उलटा_फासा:
शनिवारचं भांडण त्यावरूनच पेटलं होतं. धनुष्याचं मी नंतर काढलं.