आई-बाबांसाठी टीव्ही: ₹२४ हजारांचा ४३ इंची की ₹१ लाख १० हजारांचा ओएलईडी?

कृष्णाकाठ :
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. कराडला आई-बाबांकडचा ४० इंची टीव्ही बंद पडलाय. आवाज येतो, चित्र येत नाही. जवळच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, पॅनेल (चित्र दिसतं तो पडदा) गेलं, आता नवीनच घ्या.

दादा म्हणतो, बाबांनी जन्मभर एसटीत डबल ड्युट्या काढल्या, आता त्यांना एकदाच पण खणखणीत वस्तू देऊ. त्याने ५५ इंची ओएलईडी पाहून ठेवलाय, ₹१ लाख १० हजारांचा. निम्मे त्याचे, निम्मे माझे. मी पाहिलेला ४३ इंची फोर-के ₹२४ हजारांत मिळतोय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचंय, उरलेले पैसे त्याला लावावेत असं माझ्या मनात आहे. दादाला हा चिंगूसपणा वाटतो. मला त्याचंही पटतं, माझंही पटतं, म्हणून इथे विचारतेय.

हॉल लांबट आहे, सोफ्यापासून टीव्हीची भिंत दहा फूट. पश्चिमेला मोठी खिडकी, दुपारी तीननंतर ऊन थेट टीव्हीवर येतं. बाबा सकाळी उठल्यापासून मराठी बातम्या लावतात, त्या दिवसभर चालू. संध्याकाळी सातपासून आईच्या मालिका. क्रिकेट असलं की दोघंही. डिशचा सेटटॉप बॉक्स आहे, साधा पॅक. ओटीटी फक्त भाचा आला की. आणि बाबांना हल्ली ऐकू कमी येतं.

अंधारातला_प्रेक्षक :
ताई, नाशिकला माझ्याकडे ओएलईडी आहे आणि माझा त्याच्यावर फार जीव आहे. त्यात प्रत्येक पिक्सेल आपला उजेड आपण देतो, काळं दाखवायचं म्हणजे तो पिक्सेल चक्क विझतो. रात्री दिवे मालवून सिनेमा लावला की चित्राच्या वरची-खालची काळी पट्टी कुठे संपते आणि खोलीतला अंधार कुठे सुरू होतो तेच कळत नाही. साध्या एलईडीवर हे मिळत नाही. मोजलेले पैसे मला कधी जड वाटले नाहीत.

तरी तुमच्या घरासाठी मी नको म्हणेन, आणि त्याचं कारण बाबांच्या बातम्या. कोपऱ्यात वाहिनीचा लोगो, खाली लाल-पांढरी ब्रेकिंगची पट्टी, दिवसाचे आठ-दहा तास त्याच जागी. ओएलईडीचे पिक्सेल जसे वापरले जातील तसे झिजतात. एकाच जागी तेच भडक चित्र राहिलं की तिथले जास्त झिजतात, आणि पुढे मालिका लावली तरी त्या पट्टीची सावली मागे दिसत राहते. चित्र किंचित सरकवणं, लोगो मंद करणं असे उपाय टीव्हीतच असतात, त्याने फरकही पडतो. पण स्थिर चित्र फार वेळ ठेवू नका हे कंपन्यांच्या सूचनापुस्तिकेतच लिहिलेलं असतं. बाबांना बातम्या बदलायला लावणारा टीव्ही बाबांसाठी कसा म्हणायचा?

डोंबिवली_पूर्व :
आमच्याकडे तुम्ही म्हणता तसाच स्वस्त ४३ इंची आहे. चित्राबद्दल सासूबाईंची काही तक्रार नाही. त्रास दुसराच. रॅम १ जीबी, स्टोरेज ८ जीबी. हळूहळू अ‍ॅप उघडायलाच इतका वेळ लागायला लागला की शेवटी वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावली. आता छान चालतंय. दुसरं म्हणजे आवाज. स्पीकर खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे संवाद पुसट आणि पार्श्वसंगीत अंगावर येतं. बाबांना ऐकू कमी येत असेल तर कुठलाही टीव्ही घ्या, साउंडबारचे पाच-सहा हजार आधीच बाजूला काढा.

तिसरं, सर्व्हिस. कंपनीचं नाव घेत नाही, पण वॉरंटीत असूनही माणूस यायला बरेच आठवडे लागले, तेही डोंबिवलीत. कराडला कोण येणार ते पैसे द्यायच्या आधी विचारा.

आणि आईंना आत्ता दुकानात नेऊन रंग निवडायला लावू नका. मोतीबिंदूत सगळं पिवळट, मळकट दिसतं. माझ्या आईला ऑपरेशननंतर घरातला तोच टीव्ही नवा वाटायला लागला होता.

रिपेअरवाला_कोल्हापूर :
ताई, आधी तुमचा टीव्ही खरंच गेलाय का ते बघू. आवाज आहे आणि चित्र नाही म्हणजे दर वेळी पॅनेलच गेलं असं नसतं. माझ्या टेबलावर असे जे सेट येतात, त्यात नुसता बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, गेलेले भरपूर असतात. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही चालू करून बातम्या लावा आणि मोबाइलची बॅटरी (टॉर्च) स्क्रीनला अगदी जवळ, तिरकी धरा. पुसट माणसं, सरकणारी अक्षरं दिसली तर पॅनेल जिवंत आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात. ४० इंचीला पट्ट्यांचा सेट मजुरीसकट अडीच-तीन हजारांत बसतो. काहीच दिसलं नाही तर पॉवर सप्लाय, बोर्ड हेही तपासून घ्या. पॅनेलच गेलं असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका, नवं पॅनेल जवळपास टीव्हीच्याच किमतीत पडतं. हे दादांच्या ओएलईडीलाही लागू आहे. वॉरंटी संपल्यावर पॅनेलला काही झालं तर लाखाची वस्तू भिंतीवर नुसती टांगलेली राहते.

आता नवीन घ्यायचा झाला तर फोर-केवरून किंमत ठरवू नका. ४३ इंचीवर फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक साधारण चांगल्या नजरेला साडेपाच फुटांच्या आत बसलं तर दिसतो, ५५ इंचीवर सात फुटांच्या आत. तुमचा सोफा दहा फुटांवर. आणि मुळात बॉक्समधून येतंय काय? साधा पॅक म्हणजे एसडी, एचडीपेक्षा कमी तपशिलाचं चित्र, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. फोर-केचा पडदा ३८४० बाय २१६०. गुणाकार करून बघा, बरोबर २० पट होतात. वाहिनी एक ठिपका पाठवणार, उरलेले १९ टीव्हीने अंदाजाने भरायचे. महाग टीव्हीचा प्रोसेसर हे काम खरोखर चांगलं करतो, स्वस्तात चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात. पण वाहिनीने न पाठवलेला तपशील कुठलाच टीव्ही आणू शकत नाही. म्हणून पहिला खर्च पॅकवर करा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, तिन्हींच्या एचडी वाहिन्या आहेत, आईंच्या मालिका त्यावर लावा. बॉक्स एचडी आहे ना आणि एचडीएमआय वायरने जोडलाय ना ते बघा. एचडी बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी वायर लावलेली मी घरोघरी बघतो. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, लोक महिन्याला पैसे भरतात आणि बघतात एसडी.

मग जास्तीचे पैसे कशाला द्यायचे, तर उजेडाला, काळेपणाला आणि सर्व्हिसला. स्वस्त सेटचा उजेड अडीचशे-तीनशे निट्सच्या (हे उजेडाचं माप) आसपास असतो, पश्चिमेच्या उन्हापुढे तो टिकत नाही. खिडकीला जाड पडदा आधी लावा, तो ओएलईडी घेतलात तरी लागणारच. पॅनेल दोन जातींचं येतं, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचं काळं आयपीएसपेक्षा निदान तिप्पट गडद, पण बाजूला बसणाऱ्याला रंग फिके दिसतात. तुमचा हॉल लांबट, दोघं समोरच बसणार, तेव्हा व्हीए बघा. ज्या कंपनीचा माणूस कराडात नाहीतर साताऱ्यातून येतो तिचा ५० इंची ₹४० ते ४५ हजारांत बसेल. माझ्या आई-वडिलांसाठी घ्यायचा असता तर मी याच्या वर गेलो नसतो. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. कोणी जुनं कोटेशन पुढे केलं तर तेवढं विचारा.

कृष्णाकाठ :
बॅटरी धरून बघितली! निवेदिका पुसट दिसली, खालची पट्टीही सरकताना दिसली. इथल्याच एका रिपेअरवाल्याने पट्ट्या बदलून दिल्या, ₹२,६०० घेतले. वायरही पिवळीच निघाली, ती बदलली. बॉक्स एचडी होता. एचडी वाहिनी लावल्यावर आई म्हणाली, साडीचा काठ दिसतोय.

त्यामुळे घाई संपली. दादाशी सविस्तर बोलले. तो ओएलईडीवरून खाली उतरलाय, बातम्यांच्या पट्टीचं त्याला पटलं. पण मोठा टीव्ही द्यायचाच म्हणतो, आणि मला आता त्यात काही वावगं वाटत नाही. आधी ऑपरेशन, मग आईला सोबत नेऊन ५० इंची, सोबत साउंडबार. जुना आतल्या खोलीत जाईल, बाबा बातम्या तिथे बघतील. दुकानात गेल्यावर नेमकं काय बघू?

रिपेअरवाला_कोल्हापूर :
दुकानात सगळे सेट भडक मोडवर ठेवलेले असतात आणि कंपनीचा डेमो व्हिडिओ चालू असतो. त्यावर कुठलाच टीव्ही वाईट दिसत नाही. स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड करायला सांगा, मग सेटटॉप बॉक्सवर बातम्या लावून घ्या. पेनड्राइव्हवर रात्रीचा एखादा व्हिडिओ न्या, त्यात काळं राखाडी दिसतंय का, कोपऱ्यात उजेड फुटतोय का ते बघा. सोफ्याइतक्या अंतरावरून बघा, जवळ जाऊन नको. साउंडबार एचडीएमआयने जोडायचा तर तो एआरसी लिहिलेल्या पोर्टलाच लागतो (त्यातून टीव्हीचा आवाज बाहेर जातो), तो पोर्ट कुठे आहे आणि भिंतीवर टांगल्यावर हात पोचतो का तेही बघून ठेवा.

घरी खोका कंपनीच्या माणसासमोरच उघडा आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. लावल्यावर बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर आणा. पट्ट्या जळतात त्या पूर्ण उजेडावर वर्षानुवर्षं चालवल्याने, जुन्यालाही तेच करा. आणि वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आधी बाबांना दाखवून ठेवा: आभाळ भरून यायला लागलं की, वीज चमकायच्या आधीच, डिशची वायर बॉक्समधून काढायची आणि प्लगही काढायचा; वीज चमकायला लागल्यावर वायरीला हात लावायचा नाही. वीज गच्चीवरच्या डिशमधून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत शिरते. त्यापुढे स्टॅबिलायझरचा काही उपयोग नसतो, आणि मे महिन्यात माझ्याकडे येणारे निम्मे बोर्ड असेच गेलेले असतात.