दोन्ही डोळ्यांची एकत्र तपासणी

प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे ६/६, म्हणजे सामान्य, असूनही मुलीला वाचताना अक्षरे दुहेरी का दिसतात, या आपल्या प्रश्नाच्या चर्चेत थोडी भर घालतो. अक्षरांचा तक्ता एका वेळी एकाच डोळ्याची दृष्टी मोजतो. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर मिळून वळतात की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पेनाचे टोक किंवा बारीक अक्षर हळूहळू नाकाजवळ आणत ते दुहेरी कधी दिसते हे विचारतात, आणि त्याच वेळी कोणता डोळा बाहेर सरकतो याकडे तपासणाऱ्याचे लक्ष असते. दुहेरी दिसू लागते तिथून नाकापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरले, तर डोळे आत वळण्याची क्षमता कमी असल्याची शंका घ्यावी. मात्र काही मुले दुहेरी दिसल्याचे सांगतच नाहीत, कारण मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो. म्हणून एकेक डोळा आळीपाळीने झाकून डोळ्यांची हालचाल पाहण्याची चाचणी मला अधिक मोलाची वाटते. आपल्या सोलापुरात गणवेशांच्या शिलाईवर दिवसभर नजर रोखून बसणाऱ्यांचीही ही तपासणी, चष्मा असल्यास तो लावूनच, व्हायला हवी. दोष आढळल्यास नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम बहुधा उपयोगी पडतात. दुहेरी दिसणे अचानक सुरू झाले असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.