जामीन मंजूर, पण माणूस आतच: एलएलएमच्या प्रबंधासाठी हे मोजायचं कसं?

पेठरोडकर
नमस्कार मंडळी. नाशिकला एलएलएम करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेले, त्यातही कोर्टाने जामीन देऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी आहेत, हे वाक्य प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतं. त्या आकड्यावरून मला हवं ते कळत नाही.

सर म्हणतात डॉक्ट्रिनल कर, निकालपत्रं वाच आणि मोकळी हो. वाचलीत की. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या मोतीराम खटल्यात (१९७८) एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असलेला भाऊ जामीनदार म्हणून नाकारला. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्यावर चांगलंच सुनावलं. पण आमच्या पाड्यावरचा एक जण गेल्या वर्षी पुतण्याला जामीन राहायला वनपट्ट्याचा (वनहक्काच्या जमिनीचा) कागद घेऊन गेला, चार घड्या पडलेला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. कोर्टातल्या टेबलावरून कागद परत. "सातबारा आणा." वनहक्काची जमीन वारसाकडे जाते, पण विकता येत नाही, २००६ च्या कायद्यातच तसं आहे. मग ऐपत दाखवायची कशाने? पेठ-सुरगाण्याकडे कित्येक घरांत दुसरा कागदच नसतो. हे कुठल्या निकालात सापडणार?

तुरुंगात मुलाखती घ्यायच्या तर परवानगी पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून घ्यायची, आणि मला प्रबंध याच सत्रात द्यायचाय. नाशिकरोडच्या भिंतीआड न जाता हे मोजता येईल का?

जुना शिरस्तेदार
येईल. ताई, तुरुंग आधी डोक्यातून काढा. तुम्हाला हवंय ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत आहे. जामिनाचा हुकूम एका तारखेला, जामीनदार हजर दुसऱ्या तारखेला, कागद बघून जामीन स्वीकारला तिसऱ्या तारखेला, मग सुटकेचा आदेश. पहिल्या आणि शेवटच्या तारखेतलं अंतर मोजा, झालं तुमचं काम.

ई-कोर्टच्या वेबसाइटवर केसचा सीएनआर नंबर टाकून तारखा दिसतील, पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते मूळ कागदातच. कॉलेजचं पत्र जोडून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे रेकॉर्ड पाहण्याची परवानगी मागा. कारण स्पष्ट लिहा, नावं छापणार नाही हेही लिहून द्या. मोघम अर्ज केलात तर तो फायलीतच झोपेल.

खुनाच्या केसेस घेऊ नका, त्यांचे जामीन बऱ्याचदा हायकोर्टातून येतात आणि सगळा हिशेब बिघडतो. मॅजिस्ट्रेटकडच्या साध्या चोऱ्या घ्या. आणि रकाने वेगळे ठेवा: जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सुटलेला वेगळा, जामीनदारावर सुटलेला वेगळा, रोख भरून सुटलेला वेगळा. प्रोव्हिजनल कॅश बेलमध्ये माणूस पैसे भरून आज सुटतो आणि जामीनदार आणायला मुदत मिळते. एकाच रकान्यात टाकलंत तर खिशात पैसे असलेला आणि गावात सोयरा असलेला सारखेच दिसतील.

जाता जाता एक. जामीनदारांच्या कागदांवरही नजर टाका. मी टेबलावर असताना काही जामीनदार चेहऱ्याने ओळखायचो, आरोपीशी नातं विचारलं की छताकडे बघायचे. हा भाड्याच्या जामीनदारांचा धंदा का चालतो, हेसुद्धा तुमच्याच विषयात येतं.

सीबीएसचा वकील
काकांशी निम्मा सहमत. रोजनाम्यात तोच सापडेल ज्याला जामीन झाला. ज्याच्याकडे वकीलच नाही आणि अर्जच झाला नाही, तो तुमच्या मोजणीत येणारच नाही. प्रबंधात ही मर्यादा ठळक लिहा, नाहीतर व्हायवात (तोंडी परीक्षेत) परीक्षक तिथेच पकडतील.

दुसरं, ज्याच्यावर दोन-तीन गुन्हे आहेत त्याला एकात जामीन झाला तरी तो दुसऱ्यात आतच असतो. त्याला 'जामीनदाराअभावी अडकलेला' म्हणू नका. नवीन बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७९ मध्येही हीच गोम आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामीन, इतरांना निम्म्यानंतर, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे जुन्या केसेसनाही लागू केलं. पण पोटकलम दोन म्हणतं, एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर नाही. मोबाइलचोरीत पकडलेल्या पोरावर बहुधा एकाहून जास्त असतातच.

आता तुमच्या कामाचं. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको, हेही तिथेच आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बिहारहून आलेल्या कामगाराला नाशिकचा सातबारा कोण देणार?

म्हणजे कळवल्याची पत्रं असायला हवीत. तुरुंगाकडे माहिती अधिकारात विचारा: अमुक वर्षात अशी किती पत्रं पाठवली? फक्त संख्या मागा, नावं मागितलीत की वैयक्तिक माहिती म्हणून त्या कायद्याचं कलम ८(१)(ञ) पुढे करतील. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दुसरा अर्ज गरीब कैद्यांच्या केंद्राच्या योजनेबद्दल. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी त्यात पैशांची मदत आहे. जिल्हा समितीपुढे किती प्रकरणं आली आणि किती मंजूर झाली, एवढंच विचारा.

पेठरोडकर
काका, दादा, मनापासून आभार. सात दिवसांच्या पत्रांचं डोक्यातच नव्हतं. पत्रं निघालीच नसतील तर "निरंक" असं उत्तर येईल, आणि माझ्यासाठी तोही निष्कर्षच. रोजनाम्यातून विलंब आणि त्या पत्रांची संख्या, दोन्ही समोरासमोर ठेवते. वनपट्ट्याचं मात्र सोडणार नाही, जामीनदाराचा कुठला कागद परत गेला याचा वेगळा रकाना करते. साल कुठलं घेऊ?

जुना शिरस्तेदार
२०२३. चोरीच्या केसेस जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) ३७९ खाली सापडतील. १ जुलै २०२४ पासूनचे गुन्हे त्याच्या जागी आलेल्या बीएनएसच्या ३०३ मध्ये गेले, दोन्ही चाळत बसाल. आणि कुठला कागद परत गेला ते रोजनाम्यात क्वचितच लिहितात. त्यासाठी फायलीला लावलेले जामीनदाराचे अर्ज उलटा, खाली शेरा असतो. अक्षर वाईट असतं, सवय होते.