पीएचडीला गाईड मिळत नाही, तोवर पुण्यातली प्रोजेक्टची जागा घेऊ का? (तासगाव, जि. सांगली)

नमस्कार. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी बॉटनी झालंय. तीन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. यंदा सीएसआयआर-नेट (विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दिली, पण तिसऱ्या प्रवर्गात, म्हणजे फक्त पीएचडी प्रवेशापुरती पात्र ठरले. प्रवेशाला या गुणांचं वजन ७० टक्के, मुलाखतीचं ३०. गुण एकच वर्ष चालतात, त्यातले तीन महिने गाईड शोधण्यात गेले.

विषय माझ्या डोक्यात पक्का आहे: द्राक्षावरची डावणी, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू हा बुरशीसारखा रोग. आमची दोन एकर बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की वडिलांचा डोळ्याला डोळा लागत नाही. परवा त्यांनी जेवणाच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून पानं पाठवली. वरून तेलकट पिवळे डाग, उलटं केलं की खाली पांढरी बुरशी. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बीजाणूंचे झुपके स्पष्ट दिसले. "जी औषधं आधी एका फवारणीत आवरायची, ती आता का लागू होत नाहीत?" हा वडिलांचा प्रश्न, आणि मला त्यावरच काम करायचंय. आमच्या पट्ट्यातली बुरशी कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे गावोगावचे नमुने घेऊन तपासायचं.

पाच जणांना भेटले. नियमाने प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ विद्यार्थी; चौघांकडे जागा भरलेल्या. पाचव्या सरांना विषय फार आवडला, तासभर बोलले. पण त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलाय, त्यामुळे नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्या दिवशी एसटीत बसल्यावर रडू आलं.

आता पुण्यात द्राक्षरोगांच्या एका प्रकल्पात प्रकल्प सहायकाची जागा मिळतेय, एका वर्षासाठी. मुलगा चार वर्षांचा आहे. सासूबाई म्हणतात, "जा तू, मी बघते." पण तासिका सोडल्या तर पुढच्या वर्षी परत मिळतीलच असं नाही. जेआरएफ (नेटमध्ये वरच्या प्रवर्गात आल्यावर मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) असती, तर महिना ३७,००० रुपयांवर हा विचारच करावा लागला नसता.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारते:

प्रकल्पात गोळा केलेले नमुने आणि नोंदी पुढे स्वतःच्या प्रबंधात वापरू देतात का? आधी लेखी परवानगी कोणाकडून घ्यायची? प्रकल्पप्रमुख सहमार्गदर्शक झाले आणि मुख्य गाईड विद्यापीठातले, असं कोणी जुळवलंय का? महिलांना सहा वर्षांवर आणखी दोन वर्षं मिळतात, म्हणून मुदतीची मला काळजी नाही. काळजी आहे ती हे गुण वाया जाण्याची.

शिवाय सहायक प्राध्यापकासाठी जुलै २०२३ पासून पीएचडी ऐच्छिक आहे, सेट (राज्याची पात्रता परीक्षा) किंवा नेट पुरते. माझी नेट फक्त पीएचडी प्रवेशापुरती, म्हणून त्यात धरत नाहीत. तेव्हा प्रकल्प करता करता सेटचा अभ्यास झेपतो का, हेही सांगा.

वनस्पतिरोगशास्त्रात कोणाकडे जागा रिकामी आहे असं कानावर असेल, तर कृपया व्यनि करा. कोल्हापूर, सातारा कुठंही यायची तयारी आहे. पुण्याला शनिवारपर्यंत कळवायचंय.