लाउंड्स काउंटीचा काळा पँथर: वेगळी चूल मांडली ते बरोबर की चूक?

आडवाट:
दलित पँथरचा विषय निघाला की ‘नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतलं’ इथवर सगळे येतात आणि थांबतात. ओकलंडवाल्यांनी तो पँथर उचलला कुठून? अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). तिथे तो चक्क निवडणूक चिन्ह होता.

लाउंड्स म्हणजे सेल्मा आणि राज्याची राजधानी माँटगोमेरी यांच्या मधला कापसाचा मुलूख. १९६५ सुरू झालं तेव्हा पाचांतली चार माणसं काळी, आणि मतदारयादीत त्यांच्यातलं एकही नाव नाही. गोऱ्यांची नोंदणी मात्र शंभर टक्क्यांच्या वर! (मेलेले आणि गाव सोडून गेलेले यादीत ठणठणीत.) त्या मार्चमध्ये काळ्यांच्या मतदान हक्कासाठीचा सेल्माचा मोर्चा संपला त्याच रात्री व्हायोला लिउझो या गोऱ्या कार्यकर्तीला इथल्याच हमरस्त्यावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या लोकांनी गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये काउंटीच्या मुख्य गावातल्या, हेनविलच्या, तुरुंगातून सुटलेल्या जोनाथन डॅनियल्स या गोऱ्या कार्यकर्त्यानं सतरा वर्षांच्या रूबी सेल्स या काळ्या कार्यकर्तीला बाजूला ढकललं आणि बंदुकीचा बार स्वतःच्या अंगावर घेतला. मारेकऱ्याला ज्युरीनं निर्दोष सोडलं. ज्युरीत सगळे गोरे, सगळे पुरुष.

त्याच ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आला आणि लोक नोंदणीच्या रांगेत उभे राहिले. पण मत द्यायचं कुणाला? अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्या डोक्यावर ‘गोऱ्यांचं वर्चस्व’ असं छापलेलं. जॉन हुलेट आणि गावकऱ्यांनी, स्टोकली कारमायकेलच्या ‘स्निक’ या विद्यार्थ्यांच्या नागरी हक्क संघटनेतल्या पोरांच्या मदतीनं, राज्याच्या कायद्यात काउंटीपुरता पक्ष काढायची वाट शोधली. त्याचं चिन्ह काळा पँथर. ३ मे १९६६ ला हेनविलच्या चर्चच्या आवारात सुमारे नऊशे लोकांनी मतं टाकून सात उमेदवार ठरवले. नोव्हेंबरमध्ये सातही पडले. १९७० साली हुलेट शेरीफ, म्हणजे काउंटीचा निवडून दिलेला पोलीसप्रमुख, झाला आणि वीसेक वर्षं राहिला.

माझ्या मते वेगळा पक्ष हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय. बोला.

खडूस काका:
सातपैकी सात पडले आणि शहाणा निर्णय? नोंदणी झालेल्यांत काळे मतदार जास्त होते, तरीही मतं मिळाली चाळीस टक्क्यांच्या आसपास.

शेजारच्या डॅलस काउंटीत, म्हणजे सेल्मात, त्याच ३ मेला काय झालं ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. तिथल्या काळ्या मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्याच प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मतं टाकली आणि जिम क्लार्कला हरवलं. सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फोडणाऱ्यांत ज्याची माणसं होती तो शेरीफ क्लार्क. एका मतदानात गेला. लाउंड्सवाले त्या दिवशी चर्चबाहेर स्वतःचे कागद टाकत होते.

आडवाट:
काका, क्लार्क गेला आणि आला कोण? विल्सन बेकर. गोराच, सेल्माच्या पोलिसांचा वरिष्ठ, आणि मोर्चेकऱ्यांना अटका त्यानंही केल्या होत्या, फक्त जरा सभ्यपणे. लाउंड्सच्या लोकांना बरा शेरीफ नको होता, आपला शेरीफ हवा होता. समन्स कुणाला जाणार, रात्री दारात येणारी गाडी कुणाची, हे शेरीफ ठरवतो.

आणि मतं कमी का पडली ते सरळ आहे. मळेवाल्यांनी आपल्या शेतावरच्या माणसांना ट्रकमध्ये भरून केंद्रावर आणलं आणि कुठे खूण करायची ते सांगितलं.

अनसूया:
तुम्ही दोघं शेरीफवरच अडकलाय. ज्यांनी किंमत मोजली त्यांचं काय? नोंदणी केली म्हणून वाट्यानं जमीन कसणाऱ्या कुटुंबांना मालकांनी घराबाहेर काढलं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मळ्यावर राबलेली माणसं. १९६५ च्या अखेरीला ८० नंबरच्या हमरस्त्यालगत तंबू ठोकून त्यांची वस्ती उभी केली. ‘टेंट सिटी’. रात्री जाणाऱ्या मोटारींतून त्या तंबूंवर गोळ्या झाडल्या जायच्या. तरी लोक दोनेक वर्षं तिथे राहिले.

पक्षानं लोकांना शिकवलं कसं, ही गोष्ट मला निकालापेक्षा मोठी वाटते. शेरीफ काय करतो, कर आकारणारा अधिकारी काय करतो, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर कशासाठी, हे चित्रांच्या छोट्या पुस्तिका काढून समजावलं. ज्यांना शाळाच मिळाली नव्हती त्यांच्यासाठी. चिन्हाचं कारणही तेच. अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या संघाचं बोधचिन्ह पँथर होतं, त्यावरून चित्र बेतलं. कर आकारणीच्या पदाला ॲलिस मूर उभी होती. श्रीमंतांकडून कर घ्या आणि गरिबांच्या तोंडी घास घाला, हा तिचा जाहीरनामा. दोन वर्षांपूर्वी जिला मतही नव्हतं!

ज्युरीचं म्हणाल तर गावकऱ्यांनीच केंद्रीय न्यायालयात दावा लावला. १९६६ च्या सुरुवातीला निकाल आला की काळ्यांना आणि बायकांना ज्युरीतून वगळणं घटनाबाह्य आहे. हे निवडणुकीआधीच मिळालं होतं.

पायवाट:
बंदुकांबद्दल कुणी बोलत नाहीये. हुलेट आणि तिथले शेतकरी हत्यार बाळगून असत, सभेच्या दाराशीसुद्धा. एकीकडे मतपेटी, दुसरीकडे बंदूक. याला अहिंसक चळवळ म्हणायचं का?

आडवाट:
त्यांनी स्वतःला अहिंसक म्हणवलंच नव्हतं. हुलेट सांगायचा, पँथर कुणाच्या वाटेला जात नाही. पण रेटत रेटत कोपऱ्यात नेलात तर मग समोर काही शिल्लक ठेवत नाही. लिउझो आणि डॅनियल्स यांचे खून पाहिलेल्या गावाला उपवास सुचवायला मी तरी धजणार नाही.

वरळी_नाका:
गंमत अशी की पँथर लाउंड्समध्ये मतपत्रिकेवर जन्मला आणि आमच्याकडे येईस्तोवर मतदानाच्या विरोधात उभा राहिला. जानेवारी १९७४, दक्षिण-मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक. दलित पँथरनं बहिष्कार पुकारला, बीडीडी चाळींत दंगल झाली, भागवत जाधव गेले. काँग्रेसचे रामराव आदिक पडले हे खरं, पण निवडून आल्या कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे. पँथरच्या हाती काय लागलं? त्याच वर्षी फूट. लाउंड्सवाले हरले तरी निदान उमेदवार तरी त्यांचे होते.

अनसूया:
तुलना जरा ताणताय. लाउंड्समध्ये ते ऐंशी टक्के होते. वरळीत किती होतो? जिथे बहुमत नाही तिथे ‘आमच्या मतांशिवाय तुम्ही पडता हे दाखवतो’ हेच हत्यार उरतं.

खडूस काका:
बरं, मिळाला तुमचा शेरीफ. पुढे? जमीन कुणाकडे राहिली? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच कारणासाठी, कारण मतानं पोट भरत नाही हे त्यांना कळलं होतं. आजच्या लाउंड्समध्ये घरांमागे सांडपाणी उघड्यावर साचतं. तिथली चिकणमाती पाणी मुरू देत नाही, आणि तिथे चालेल अशी सेप्टिक टाकी गरिबाला परवडत नाही. २०१७ च्या अभ्यासात तपासलेल्या ५५ जणांपैकी १९ जणांत हूकवर्म या आतड्यातल्या कृमीचे अंश सापडले. अमेरिकेत!

आडवाट:
तो हिशेब शेरीफच्या नावावर कसा मांडता? मालमत्ता करावरच्या मर्यादा राज्याच्या घटनेत बसवलेल्या आहेत, त्या काउंटीला हलवता येत नाहीत. सांडपाण्यासाठी केंद्राच्या न्याय खात्यानं २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला होता. तो एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या सरकारनं मोडला. म्हणजे चाव्या माँटगोमेरी आणि वॉशिंग्टनला.

खडूस काका:
मी तेच म्हणतोय! चाव्या राजधानीत असतील तर काउंटीपुरती वेगळी चूल मांडून काय शिजणार? आणि तुमच्या मूळ पोस्टमध्ये एक गोष्ट दडली आहे. १९७० पर्यंत लाउंड्सचा पक्ष ‘नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टी ऑफ अलाबामा’ या राज्यव्यापी पक्षात विलीन झाला होता आणि त्यांचं चिन्ह होतं गरुड. म्हणजे हुलेट जिंकला तो गरुडावर, पँथरवर नाही. मोठ्या पक्षात गेल्यावर जिंकला.

आडवाट:
तोही काळ्यांनी उभा केलेला, कोंबडेवाल्यांच्या विरोधातलाच पक्ष. उलट माझाच मुद्दा पक्का केलात.

खडूस काका:
कोंबड्यावरची ती घोषणा जानेवारी १९६६ मध्ये पक्षानं स्वतःच काढली होती, मे महिन्याच्या सभेआधी. दार उघडत होतं. थांबायला काय हरकत होती?

अनसूया:
काका, घोषणा काढली त्याच हंगामात लाउंड्सच्या डेमोक्रॅटिक समितीनं प्राथमिक फेरीत उभं राहायची फी पन्नास डॉलरवरून पाचशे केली. दुसऱ्याच्या कापसाच्या शेतावर राबणाऱ्या माणसाला.